कामगार कोण?

हसू नका हं, पण कामगार म्हटलं की मला आधी बाबाच आठवतात. मोहने गावच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. बाळंतपणाच्या रजेनंतर कंपनीने मला काढलं, तेव्हा ठाण्याच्या कामगार कार्यालयातल्या सुनावणीला बाळाला सांभाळायला तेच आलेले.

शिपायाने दारातून विचारलं, "कामगार कोण?"

मी बाबांकडे पाहिलं.

"अगं, तू. मी रिटायर झालो."

आत कंपनीचा मॅनेजर अधिकाऱ्यांना म्हणाला, "साहेब, यांचं लक्ष आता बाळाकडेच राहणार."

पाठ केलेलं सगळं मी विसरले. एवढंच म्हणाले, "हो, राहणार. म्हणूनच नोकरी हवी आहे."

बरीच घासाघीस झाली, पण मॅनेजर मला परत घ्यायला तयार झाला.

निघताना साहेबांनी बाबांना विचारलं, "आपण कोण?"

बाबांनी बाळाला खांद्यावर नीट घेतलं. "मी कामगाराचा बाप."