नखाएवढं एरियल

—न्हाई न्हाई, बसा वो, सून येतीयच सांगलीसनं. मी नाथाजी, तिचा सासरा. आष्ट्यात कुनालाबी इचारा, म्हंतील लय खवट म्हातारं. म्हनू द्या. तुमी पुण्याच्या लॅबचं सायेब न्हवं? ह्यो बघा डबा, तपासायला न्यायाचा त्यो. असं काय बघताय? कुंकू हाय त्ये. नवी वस्तू दाराबाहीर पडताना हळदकुंकू लावतो आमी. स्टिकरवर लागलं व्हय? आतल्या चिपचा नंबर दिसाय पायजे? मग पुसा की रुमालानं. हळद सांगलीची हाय, जायाची न्हाई एवढं सांगतो.

डब्याचं काम? घरात बसून बटन दाबायचं, मळ्यातली मोटर चालू. पान्याच्या पाळीला साप-इंचू तुडवीत कोन जातंय? सुनेनं डोकं लावलं. पानी संस्था म्हनली, डबा पास करून आन, समद्या सभासदास्नी तुझाच घेतो. न्हाईतर दुसरीकडं बघतो. तवापासनं तिचा जीव ह्या डब्यात. रोज एकच पाठ — मामंजी, आतली रेडिओची चिप कंपनीकडनंच पास होऊन आलीया, पर नखाएवढ्या एरियलसकट. एरियल बदललं की ते पास गेलं, सगळं पयल्यापासनं. मामंजी, हात लावू नका. मी काय ल्हान पोर हाय? न्हाईच लावला. न्हाई म्हंजे — आवं, ऊस आडवा येतोय की. लागनीला झकास चालतंय, पर ऊस डोक्यावर गेला की डबा मुका. दाबून दाबून अंगठा सुजला माझा. मग माळ्यावर टीव्हीचं जुनं एरियल हुतं, त्येची नळी कापली, तार जोडली, सोल्डरचा डाग मारला — काय सांगू, मोटर पयल्या बटनाला सुरू. उलट शेजारच्या मळ्यात गुंडा म्हनून हाय, त्येचा डबा मुका झाला. त्यो बी सुनेचाच. आता माझा डबा आरडाय लागल्यावर त्येच्या डब्याचं कोन ऐकनार? गुंडानं तर भूत लागलं म्हनून मोटरीफुडं कोंबडं कापलं. बांधावरनं आमचं भांडान जुनंच हाय, मी आपला गप बसलो.

लिवू नका वो. मळ्यातल्या डब्याची गोष्ट ती. ह्यो कोरा हाय. जड लागतोय? आवं, सकाळी सून गेली, मी म्हनलं, पुण्यात ऊस नसंल, पर बिल्डिंगा हायत्या. आपला डबा तितं कमी पडाय नगं, घरची अब्रू हाय — म्हनून ह्यातबी जोडली तार. नीट गुंडाळून बसवलीया, उघडून बघा तर — असं तोंड का केलं? म्हंजे नापास? तार काढली तरी? डाग मारलाय म्हनून?

गाडी वाजली. आलीच ती. सायेब, तुमीच सांगा तिला, म्हना पडला हातातनं, फुटला — मी पाया पडतो तुमच्या, पर तिला — ये गं, ये. सायेब आत्ताच आलं. हां, ह्योच डबा. काय? ह्यो न्हवं? खरा तुझ्या पिशवीत? सांगलीला संगट कशाला न्हेलतास?

माझ्यापायी म्हंतीस?

मग ह्यो हितं कुनासाठी ठेवलावतास? मला खेळायला?

बरं. हसू नका सायेब. उचला तुमचा डबा. ह्याला कुंकू लावू देत न्हाई ती, तसाच न्या. आन् गुंडाचं बोललो त्ये हितंच ऱ्हाऊ द्या. उठा आता, यस्टी चुकंल तुमची.