मालकाची उलटतपासणी

कोर्टाबाहेरच्या बाकावर कान टवकारून बसलो होतो. शेजारी कापडदुकानातून काढलेली विक्रेती आणि तिची नणंद.

“वहिनी, नोकरी परत मिळणार का, तेवढं सांग.”

“ऐक तर. वकीलबाईंनी मालकाला उभं करून माझी सहा वर्षांची हजेरी एकेक दिवस वाचायला लावली.”

“पोटुशी असताना, सातव्या महिन्यात, दुकानात दोन मिनिटं बसलीस म्हणून काढलं, त्यात हजेरी कशाला?”

“मलाही कळेना. तीस वर्षं असलेच खटले लढतायत, म्हटलं थकल्या.”

“मग?”

“तिसऱ्या तासाला मालक म्हणाला, पाय भरून आलेत, खुर्ची मिळेल का?”

“बाईंनी काय केलं?”

“स्वतःची खुर्ची उचलून त्याला दिली.”

“आणि जज्जसाहेब?”

“त्यांनी लिहायचं थांबवलं. मला विचारलं, कामावर कधीपासून जाल?”