व्याही ‘बरं’ म्हणाले

…नाही, पण तुम्ही मला सांगा, लपवायला काही नसेल तर माणूस इतका गप्प का बसेल? सरका हो जरा पुढे, नानची रांग सोडू नका, या मागच्या बाई मघापासून अंगावर येतायत आणि वर मलाच म्हणतायत ‘आधी तुम्ही घ्या, आधी तुम्ही घ्या’… नाही बाई, कसं शक्य आहे, आधी तुम्ही… हां, तर काय म्हणत होतो, माझे व्याही. रेनो हाकाला. फिनिश. म्हणजे तसे इथलेच, अमेरिकेतलेच, यांचा पणजोबा फिनलंडहून आला तांब्याच्या खाणीत काम करायला, पार मिशिगनच्या वरच्या टोकाला, आणि तेव्हापासून हे लोक तिथेच आहेत आणि तेव्हापासून, माझा आपला अंदाज हो, कोणी कोणाशी काही बोललेलं नाही.

मला तर तुम्ही ओळखता. होमायून झुंबरवाला. या लॉस एंजेलिसमधल्या निम्म्या इराण्यांच्या डोक्यावर माझीच झुंबरं लटकलीयत. दुकान? दुकान आहे की. म्हणजे… ते सोडा आता. मी सांगतोय काय आणि तुम्ही विचारताय काय!

सुरुवात केली माझ्या मेहुण्यानं. कियूमर्स, बायकोचा धाकटा भाऊ, कामधंदा म्हणजे दिवसभर फोन बघणे. माझ्या मुलीनं, तरलाननं, मिनियापोलिसहून सांगितलं की बाबा, माझ्या ऑफिसात एरो हाकाला म्हणून एक मुलगा आहे आणि आम्हाला लग्न करायचंय. मी अजून ‘हाकाला’ हे नाव आहे की आडनाव एवढंच समजून घेतोय तोवर कियूमर्सचा फोन. ‘दाजी, काढलं शोधून! एका पानावर सगळी तुलना दिलीय, इराणी वंशाचे आणि फिनिश वंशाचे, कोणाचं किती बरं चाललंय! कमाईत आपण पुढे, शिक्षणात आपण पुढे, फक्त स्वतःचं घर असण्यात ते पुढे. खालच्या घरात देताय पोरगी!’

अर्धा मिनिट, खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. मग म्हटलं, थांब. ही कमाई विचारली कोणी? आणि सांगितली कोणी? मला तर कोणी विचारायला आलं नव्हतं. आणि आलं असतं तर मी काय सांगितलं असतं? आपल्यातला माणूस, त्याला कोणी विचारलं धंदा कसाय, तर आधी तो बघतो विचारणारा कोण आहे. नजर लागणारा असेल तर ‘कसला धंदा नि कसलं काय, दिवस ढकलतोय’. मुलगी बघायला आलेला असेल तर ‘अहो, श्वास घ्यायला फुरसत नाही’. आणि या फिनिश लोकांना विचारा. घर जळालं असेल तरी ‘ठीक आहे’, आणि अंगणात सोनं सापडलं असेल तरी ‘ठीक आहे’. आता याच्यावरनं तुम्ही काय कप्पाळ तुलना करणार?

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. म्हटलं, माझी एकुलती एक पोर. जातेय कोणाच्या घरात? एरोला विचारलं, बाबा, तुझे वडील काय करतात? म्हणाला, ‘आता रिटायर.’ आधी काय करायचे? ‘काम.’ बघा! लपवायला काही नसेल तर माणूस इतका गप्प का बसेल?

मग ते आले, रीतसर मागणी घालायला. आपल्याकडे मुलाकडचे मागणी घालायला येतात म्हणजे कसे येतात? माणसापेक्षा मोठा फुलांचा गुच्छ, मिठाईचे डबे, आई अशी नटलेली की नवरी कोण ते कळू नये. हे आले… विहीणबाई, ऐली त्यांचं नाव, त्यांच्या हातात पंच्यात गुंडाळलेला वेलचीचा पाव. घरी केलेला. आणि कोटाच्या कोपराला, तुम्हाला सांगतो, ठिगळ! लपवलेलंसुद्धा नाही, चांगलं वेगळ्या रंगाचं! माहरुखनं, माझ्या बायकोनं, माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. म्हटलं, मेलो.

आणि आमचं घर कसं? दिवाणखान्यात सात झुंबरं. सातही पेटवलेली. माहरुख म्हणत होती की अहो, एक-दोन पुरे, लोकांना वाकून चालावं लागतंय, पण मी म्हटलं कळू दे समोरच्याला आपण कोण आहोत ते. रेनो उंच माणूस. आला, एका झुंबराला डोकं लागलं, दुसऱ्याला लागलं, तिसऱ्याखाली बसला. वर बघितलं. बराच वेळ बघितलं. तरलान चहा घेऊन आली, माहरुखनं काकड्या सोलून सगळ्यांच्या बशीत ठेवल्या, आणि मग जी शांतता पसरली! आपल्या घरात इतकी शांतता मयताला पण नसते. सातही झुंबरांचे लोलक किणकिणताना ऐकू येत होते मला.

आता अशा वेळी आपण काय करतो? तोंड चालवतो. माझं सुटलं. मी म्हटलं, ‘हाकालासाहेब, लग्नाची तुम्ही काडीची काळजी करायची नाही. हॉल, जेवण, गाणं-बजावणं, पाचशे माणूस, सगळं आमच्याकडे. तुम्ही फक्त यायचं.’

हसताय काय! तुम्हीसुद्धा हेच म्हणाला असता. आपली रीतच आहे ती. मी म्हणायचं सगळं आमचं, त्यांनी म्हणायचं छे छे, निम्मं आमचं, मी म्हणायचं ऐकणार नाही, त्यांनी म्हणायचं मग निदान हॉल आणि जेवण तरी, मी म्हणायचं लाजवताय तुम्ही मला, आणि मग मान खाली घालून कबूल व्हायचं. सगळं मनात ठरवून ठेवलं होतं मी. कुठे थांबायचं ते सुद्धा!

रेनोनं चहाचा घोट घेतला. खिडकीतनं बाहेर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘बरं.’

बरं! पुढे काही येईल म्हणून मी वाट बघत बसलो. कियूमर्सच्या घशात मिठाई अडकली. माहरुखनं माझ्या बशीत आणखी एक काकडी ठेवली, ती अशी ठेवली की मला समजलं आज रात्री माझं काय होणार आहे ते. पुढे काही आलंच नाही हो! तो माणूस उठला, पाव छान झालाय म्हणाला, तो स्वतःच आणलेला पाव, आणि गेला.

मला झोप नाही. एक तर हा माणूस कफल्लक आहे, किंवा पक्का बनेल. कियूमर्स म्हणाला, ‘दाजी, त्या पानावर तर लिहिलंय…’ मी म्हटलं, ते पान घाल चुलीत, मी स्वतः जाऊन बघतो. आणि गेलो. माहरुख आणि मी, दोघं, मार्च महिन्यात. विमानातनं उतरलो तर खिडकीपर्यंत बर्फ. खिडकी विमानाची नाही, घराची.

घर लाकडाचं, लहानसं. दारात एक जुनाट ट्रक, त्याचं दार दोरीनं बांधलेलं. आत स्वयंपाकघरात एक बल्ब. एक! माझा जीव कासावीस झाला. मी आपला सगळं बघत फिरलो. हो, फिरलो, मुलीचा बाप आहे मी! तळघरात गेलो तर तिथे हा एवढा फ्रीझर, हरणाच्या मटणानं आणि माशांनी खच्चून भरलेला. बाहेर लाकडं रचलेली, छपरापर्यंत. विहीणबाईंना म्हटलं, हे मागचं जंगल सरकारी वाटतं? म्हणाल्या, ‘नाही, आमचं.’ कुठपर्यंत? ‘तळ्यापर्यंत.’ मी टाचा उंचावून बघितलं, मला तळं दिसेना. म्हटलं, तळं कुठाय? ऐलीबाई म्हणाल्या, ‘इथून नाही दिसत.’

आता मला सांगा! ज्याचं जंगल संपता संपत नाही त्यानं कोपराला ठिगळ लावून फिरायचं? एका बल्बखाली बसायचं? कोणापासून लपवताय बाबांनो? गरीब आहेत म्हणून झोप येत नव्हती, आता श्रीमंत निघाले म्हणून येईना. शेवटी एरोला गाठलं. म्हटलं, तुमचं नक्की काय आहे, बरं की वाईट? तो म्हणाला, ‘पुरतं.’ ऐकलंत? पुरतं. त्या कियूमर्सच्या पानावर ‘पुरतं’साठी रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी रेनो म्हणाला, ‘सौना.’ म्हणजे ती त्यांची लाकडी खोली, आत दगड तापवायचे, त्यावर पाणी मारायचं आणि वाफेत बसायचं. ही आपली नान तापल्या खड्यांवर भाजतात ना, तसं, फक्त नानच्या जागी मी. आणि तुम्हाला सांगतो, रेनो तिथे काहीसुद्धा न नेसता बसला! मी दोन टॉवेल गुंडाळलेले, एक कमरेला, एक इभ्रतीला. मनात म्हटलं, अंगावर सूत नाही, आता काय लपवशील?

बराच वेळ गेला. मग तो माणूस आपणहून बोलला.

‘दुकान बंद झालं,’ तो म्हणाला.

माझं दुकान म्हणत होता तो. कोणाला माहीत नव्हतं हो. मी आणि माहरुख सोडून कोणाला नाही, तरलानला नाही, आज तुम्हाला पहिल्यांदा कळतंय. हल्ली कोण लावतंय झुंबरं? मी ठरवलं होतं, पोरीचं लग्न होईपर्यंत तोंडातनं शब्द काढायचा नाही, नाहीतर ती म्हणणार, बाबा, मला नको लग्नबिग्न, साधं सही करून करू. आणि मला तिला वाजतगाजत पाठवायचं होतं. बाकी काही नको होतं मला. मी म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं?

‘चालू असतं तर झुंबरं दुकानात असती,’ रेनो म्हणाला.

म्हणजे वर बघत बसला होता तेव्हाच ओळखलंन! मी उसळलो. म्हटलं, ‘मग सगळं लग्न मी करतो म्हटल्यावर बरं कसं म्हणालात?’

‘तुम्ही म्हणालात, तुम्हाला करायचंय.’

‘ती बोलायची रीत असते आमची!’

त्यानं दगडांवर पाणी टाकलं. माझ्या कानांच्या पाळ्या भाजून निघाल्या. मग म्हणाला, ‘इथे करू. तळ्यावर. गावाचा हॉल आहे. लोक जेवण घेऊन येतात. पाचशे मावतात.’

देव समोर येऊन वर देतोय, आणि माझं हे तोंड, हे जन्माचं वैरी तोंड, काय म्हणालं माहीताय? ‘छे छे छे, कसं शक्य आहे, तुम्हाला कशाला त्रास!’

रेनो म्हणाला, ‘बरं,’ आणि उठून बाहेर गेला.

गेला! मी तिथेच. पहिल्याच नकाराला मान दिला त्यानं, दुसरा नाही, तिसरा नाही! दार लागलं आणि मला माझी तरलान दिसली हो, कुठल्यातरी ऑफिसात उभी, सही करतेय, पाठीमागे कोणी नाही. मी धावलो. बर्फात, अनवाणी, एक टॉवेल दारात अडकला आणि दुसरा कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही. विहीणबाई खिडकीत होत्या. असू देत. मी ओरडलो, ‘हाकाला! हो! हो म्हणायचं होतं मला! हवंय! मला हवंय!’ पासष्ट वर्षांचा झालो, आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट सरळ मागितली असेन. रडूच आलं मला, आणि ते गालावर गोठलं.

रेनो थांबला. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाला, ‘बरं.’ तेच ‘बरं’, अक्षरसुद्धा बदललं नाही.

लग्न झालं. जुलैत. सगळं गाव आपापली भांडी घेऊन आलं, आपल्याकडून माहरुखच्या बहिणींनी केशरभात नेला, फिनिश लोक भिंतीला टेकून उभे आणि आपले लोक मधोमध नाचतायत, आणि माझी पोर, तुम्हाला सांगतो, अशी कधी हसली नव्हती. हॉलमध्ये चार झुंबरं लावली मी. रेनोनं शिडी धरली. आता ती तिथेच आहेत, काढायची कशाला?

पण निघताना पुन्हा हे तोंड. गाडीत बसता बसता म्हणालो, ‘आता हिवाळ्यात आमच्याकडेच या, घर तुमचंच आहे, खुशाल वसंतापर्यंत राहा!’ आपण म्हणतो की नाही प्रत्येकाला? कोणी कधी आलंय?

मागच्या आठवड्यात ट्रक दारात. तोच, दोरीवाला. हरणाचं मटण, पाव, दोघं. आल्यापासून रेनो घरातली एकेक वस्तू दुरुस्त करतोय. नळ केला, गच्चीचं दार केलं, काल बायकोचं शिलाईचं मशीन केलं. एक पैसा मागत नाही, एक शब्द बोलत नाही. मला सांगा, यात काहीतरी डाव नसेल कशावरून? आणि आज सकाळी आम्ही दोघं नाश्त्याला समोरासमोर बसलो होतो, चांगले तासभर, दोघंही चूप, आणि मला त्याचं काही वाटलंच नाही हो! माहरुखनं मला कोपऱ्यात ओढलं आणि म्हणाली, ‘खरं सांगा, पुन्हा काय केलंय? लपवायला काही नसेल तर माणूस इतका गप्प का बसेल?’ आता तिला काय सांगणार? पिशवी उचलली आणि नान आणायला आलो.

काय म्हणालात बाई? शेवटची एकच उरलीय? आधी मी घ्यायची?… बरं.

बघा, तोंड कसं झालंय त्यांचं. पण मी काय करू, त्याच म्हणाल्या.