म्हाताऱ्या नावाड्याला काय किंमत

अहो नाही, नाही, रमी नव्हे — रमी काय, कुणीही खेळतं. हे वेगळे पत्ते. राक्षस, सैनिक, चेटकिणी, प्रत्येकाची ताकद निराळी. माझ्या खिशातून डोकावतोय ना, तो म्हातारा नावाडी — हलू नका, सुई काढतोय — झालं. आता दाढ बधिर होईपर्यंत बसायचं. कापूस दातांत घट्ट धरा. बोलायचं काम मी करतो, तसंही घरात मला आता कुणी बोलू देत नाही.

तर आम्ही सहाजण. दर रविवारी, इथंच, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, बाकं सरकवून. दुकानातल्या तयार पाकिटांचा कंटाळा आला म्हणून आम्ही आमची स्वतःची पेटी केली — आवडते पत्ते निवडून, भांडून, रुसून. खेळ असा, की प्रत्येकाला पेटीतल्या पत्त्यांचा एक गठ्ठा मिळतो. त्यातला एक पत्ता आपण ठेवायचा, उरलेले डावीकडच्याला द्यायचे, उजवीकडून येतात त्यातला एक घ्यायचा. असं संपेपर्यंत. मग जमलेल्या पत्त्यांनिशी लढायचं. दुसरीकडे खेळणारे मध्येच दिशा बदलतात म्हणे, पण आमच्यात एकजण आहे, त्याला आम्ही कासव म्हणतो, त्याचा दिशा बदलली की गोंधळ होतो. म्हणून आमच्याकडे कायम डावीकडेच. बरं पडतं.

आणि वर्षातून एकदा फेरतपासणी. कुठला पत्ता राहणार, कुठला बाद. बाद म्हणजे बाद, पुन्हा पेटीत नाही. आता अग्निराज घ्या — सोनेरी ड्रॅगन, चमचमणारा. सुरुवातीला सगळे तुटून पडायचे त्याच्यावर. वर्षभर खेळल्यावर कळलं, बडा घर पोकळ वासा! तो मैदानात येईपर्यंत आपला खेळ आटोपलेला असतो. यंदाच्या फेरतपासणीत नक्की बाद. आणि कोंबडीचोर — एवढासा, फाटक्या टोपीचा, मी त्याला पोट धरून हसलो होतो. पण फुकटात येतो, दर डावात काहीतरी पळवतो. आज त्याच्यासाठी मारामारी होते. खेळल्याशिवाय किंमत कळत नाही हो, पत्त्याची. मी हे सगळ्यांना सांगतो. कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

दुखतंय? नाही ना? छान.

तर नावाडी. हा मेलेल्या सैनिकाला होडीत घालून परत आणतो. फक्त लहानसहान सैनिक, मोठे त्याच्या होडीत मावत नाहीत. माझ्या बायकोनं आणला हा पेटीत. हो, तीच, पलीकडच्या खोलीत मुलांचे दात बघते ती. मी म्हटलं, काय हे म्हातारं! पण एकदा सहज घेतला आणि जिंकलो. पुन्हा घेतला, पुन्हा जिंकलो. वर्षभर मीच राजा! नावाडी माझ्याकडे यायचा, पाठोपाठ लहान सैनिक यायचे, चांगले चांगले, रांगेत. कुणालाच त्यांची किंमत कळायची नाही, फक्त मला. मी मेहुण्याला — तोही खेळतो आमच्यात — भाषणं दिलीत यावर. उभं राहून.

आणि आता? आता काही नाही. दोन महिने झाले, नावाडी येतो, पण बरोबर सैनिक नाहीत. म्हातारा रिकामी होडी वल्हवतोय. मी शेवटचा नंबर. कासवानं हरवलं मला, कासवानं! म्हणून या रविवारी मी तो बाद करायचा ठराव मांडणार आहे. ताकद संपली त्याची. बायको एवढंच म्हणाली, ‘नावाडी ठेव.’ मी म्हटलं, भावनेनं पेटी चालत नाही. तेव्हापासून आमच्यात फक्त ‘पुढचा पेशंट’ आणि ‘हातमोजे संपले’ एवढंच बोलणं.

ऊं काय? बोट कशाला दाखवताय? उजवीकडे? अहो, दाढ डावीकडची आहे — अच्छा, अच्छा, माझ्या उजवीकडे! माझ्या उजवीकडे कोण बसायचं?

बायको बसायची.

आता समोर बसते. ते काय झालं, ती कधी जिंकायची नाही, वर्षभरात एकदाही नाही. भलतेच पत्ते ठेवायची, तो अग्निराज वगैरे. तर मी गमतीनं म्हटलं, सगळ्यांसमोर, की हिच्या हातात गेलं की पत्त्यांनाही लाज वाटते. सगळे हसले. तीही हसली. पुढच्या रविवारी म्हणाली, मला तिथं ऊन लागतं, आणि उठून समोर बसली. उजवीकडे आता मेहुणा. तो कुणाला साधी खोकल्याची गोळी देणार नाही. आणि तेव्हापासून बायको जिंकतेय, लागोपाठ. मी म्हटलं, नशीब —

थांबा.

नाही, तसं नाही. तिला किंमत कळत नव्हती म्हणून ती सोडायची. पण — नावाडी तर तिनंच आणलेला. लहान सैनिकही तिनंच निवडलेले, मला दाखवून, ‘हे याच्याबरोबर छान चालतात’ म्हणाली होती, मी पेपर वाचत होतो. मग तिच्या हातातून ते सगळे, रांगेत, माझ्याकडे... आणि स्वतः तो सोनेरी धोंडा ठेवून घ्यायची. वर्षभर हरायची. आणि मी उभं राहून भाषणं.

तुम्ही हसताय का? कापूस पडेल. हसा, हसा. एवढ्या प्रेमानं मला कुणी जिंकवलं नव्हतं, आणि मी तिला सहाजणांत —

पक्कड? हो, घेतली होती हातात. ठेवतो खाली. आत्ता नको, आधी पलीकडच्या खोलीत जाऊन येतो. बधिर राहील अजून बराच वेळ, ओठ तेवढा चावू नका. तिच्याकडे आता एक पोरगं रडतंय वाटतं — रडू दे, मी दारात उभा राहीन.

तुम्ही बसा. दाढ काही पळून जात नाही.