काहिलीशेजारचं पाणी

मग सांगा ना शिवकन्याबाई, भरवसा कोणावर ठेवाल — हातावर का काडीवर? लाजू नका. तुमी बारावी सायन्स, मी सातवीत दोनदा बसलेला माणूस, लाजायचं तर मी लाजावं. काडी म्हंजे ही — तुमच्या पुस्तकातला थर्मामीटर, पण माझ्या गुऱ्हाळावर समदे काडीच म्हणतेत. आजपासून ही तुमच्या ताब्यात. काहिलीत, ह्या मोठ्या कढईत, रस चढला की सोडायची, दर पाच मिनिटाला आकडा बघायचा, ह्या वहीत लिहायचा, आन एकशे अठरा आलं की हाक मारायची — उतरवा. संपलं काम. गूळ त्याच्या पुढं गेला तर करपला, अलीकडं राहिला तर पातळ. दोन-चार आकड्यांचाच खेळ हाय. बसा की. त्या लोखंडी खुर्चीवर नका, गार लागंल, बाकड्यावर बसा — आन बघा, इथंच गंमत हाय. खुर्ची आन बाकडं रातभर एकाच शेडात. काडी लावून बघा, दोघांचा आकडा एक. मग खुर्ची गार कावून लागती? मीच सांगतो. लोखंड तुमच्या अंगातली ऊब भसकन ओढून घेतं, लाकूड सुस्त हाय, त्याला घाई न्हाई. म्हंजे हाताला जे कळतं ते खुर्ची किती गार हे न्हाई, तर आपली ऊब किती जोरात चालली ते. हे मला कोण्या मास्तरानं सांगितलं न्हाई. किराण्याचं दुकान होतं माझं कड्याच्या बाजारात, तवा पुड्या बांधायला रद्दी घेतली किलोवर, तिच्यात आठवीचं विज्ञान निघालं. उष्णतेचा धडा होता. त्या पानांत जिरं बांधायला मन होईना. आजून हाय माझ्यापाशी, गादीखाली.

पुस्तक होतं तरी फसलो बरं का. काडी आणली त्या वर्षीची गोष्ट. रस चढवला, काडी सोडली, भरभर चढली — साठ, ऐंशी, शंभर — आन शंभराच्या जरा वर जाऊन जी बसली ती हलंच ना. खाली चुलाणात चिपाडाचा डोंगर जाळला, जाळ काहिलीच्या कडंवर, वरून वाफेचे लोट, आन काडी हाय तिथंच. दीड तास. मी म्हणलं दुकानदारानं गंडवलं. गेलतो की भांडायला आष्टीला, टेबलावर काडी आपटली. तो हसला. म्हणला शेठ, पाणी उडून जाऊस्तर ती वर जायची न्हाई, तुमची समदी आग वाफ करण्यात चाललीय. पाणी सरलं की बघा कशी पळती. घरी येऊन पुस्तक काढलं तर तेच लिहिलेलं, नव्वदाव्या पानावर. मी ते पान दहा वेळा वाचलं होतं, काहिलीवर उभं राहून कधी वाचलं नव्हतं. तवापासून मला एक कळलं, बाई — आग किती लावली आन तापलं किती, हे दोन वेगळे हिशेब हायत. माणसाचंबी तसंच. कितीबी जाळ लावा, वरून शांत दिसतो, आतलं पाणी सरलं की मग एकदम चढतो.

असू द्या. हे तीन टोप मुद्दाम मांडून ठेवलेत तुमच्यासाठी. डावा हात ह्या डाव्या टोपात घाला, उजवा त्या उजव्या टोपात. मधल्याला हात लावू नका आत्ताच. घाला, बांगड्या वर सारा. डाव्यात गरम हाय, उजव्यात विहिरीचं गार. चटका बसतोय? बसणारच, पंचेचाळीस हाय, कातडी न्हाई जायची. काढू नका, मी म्हणंस्तर काढायचा न्हाई. तेवढ्यात तुमच्या सासऱ्याची गोष्ट सांगतो. घरी काय सांगितली त्यांनी? काहीच न्हाई? बोलतच न्हाईत म्हणा ना त्या दिवसावर.

तुमी लग्न होऊन आलात ते त्याच्या नंतर, म्हणून तुमाला म्हाईत न्हाई तात्याबा काय होते. असा गुळव्या आष्टी तालुक्यात नव्हता, आजबी न्हाई. मी खरं बोलायला कचरत न्हाई. काहिलीच्या कडंला उभं राहायचे, बाजूला गार पाण्याची घागर. हात पाण्यात बुडवायचा, त्याच ओल्या हातानं उकळत्या पाकात बोटं घालून चिमूटभर उचलायचा — एकशे दहा, पंधराच्या पाकात, बाई — लगेच पाण्यात बुडवायचा आन बोटांत गोळी वळायची. पाण्यात पाक थिजतो. गोळी मऊ लागली तर आजून थांबा. काहिलीवर टाकली आन टण्‌ वाजली तर उतरवा. चाळीस वर्षं. भाजलेलं एकदाच, तेबी लहानपणी, शिकताना. लोक ऊस घेऊन माझ्या गुऱ्हाळावर येत नव्हते, तात्याबाच्या हातावर येत होते. गहिनीनाथ — तो टाकळीच्या वाटंवरचा बागायतदार, त्याचा ऊस सगळ्यात जास्त — तो माझ्या तोंडावर म्हणायचा, शेठ, तात्याबा उद्या झाडाखाली चूल मांडून बसले तर आमी तिकडं जाऊ. मालक मी, शेड माझं, काहील माझी, चरक माझा. आन नमस्कार त्यांना.

तरी मला काही वाटलं नसतं. खरंच सांगतो. पण काडी आणली त्या दिवशी मी हौसेनं समद्यांना दाखवायला लागलो, ही अशी, ही तशी, आता अंदाज नको, आकडा. पंधरा-वीस माणूस उभं. आन तात्याबांनी काडी हातात घेतली, उलटी-सुलटी बघितली, परत माझ्या हातात दिली आन म्हणले, "शेठ, ही तुमच्या काखंत लावा. तुमालाच ताप चढलाय."

हसा, हसा. समदे हसले होते. गहिनीनाथ तर खाली बसला पोट धरून. मीबी हसलो. पुढं वर्षभर बाजारात कोणीबी विचारायचं, शेठ, ताप उतरला का?

हात हलवू नका. उजवा बधिर झालाय? व्हायलाच पाहिजे, नेमकं तेच पाहिजे.

पुढच्या हंगामात मीच म्हणलं, तात्याबा, एकदा होऊनच जाऊ द्या. ऊस माझा, नुसकान झालं तर माझं, चार माणसं बघतील. तुमी हातानं सांगा, मी काडीनं. माझ्याच रानातला ऊस लावला म्हणून कोणाला वेगळं काही वाटायचं कारण नव्हतं. म्हातारा लई खूश. नवं धोतर नेसून आले. मी स्वतः पाणी आणून त्यांच्या शेजारी ठेवलं, घागर न्हाई, पितळी घंगाळ, मालकानं स्वतः — लोक म्हणले केवढा मान. त्यांनी मला हात जोडले. रस चढला, मळी काढली, पाक दाटला. एकशे पंधरा झालं, त्यांनी गोळी घेतली — मऊ. सोळा, सतरा. मऊ. एकशे अठराला मी उभा राहून मोठ्यानं म्हणलं, उतरवा. त्यांनी गोळी वळली, माझ्याकडं बघितलं, मान हलवली. आजून न्हाई. गडी थांबले, कारण शब्द त्यांचा चालायचा. एकोणीस. वीस. मी प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचला, ह्याच वहीत लिहिला, दाखवू का? बावीसला वास बदलला. म्हाताऱ्याच्या नाकाला समजलं, बोटांना समजंना. नाकावर भरवसा ठेवला असता तर वाचला असता, पण चाळीस वर्षं बोटांचं ऐकलेलं. त्यांनी परत बुडवला हात, परत वळली, मऊच. मग ओरडले, उतरवा — पण काय उतरवा? गार करायच्या वाफ्यात ओतला तो गूळ कोळशाच्या रंगाचा. गहिनीनाथनं एक खडा तोंडात टाकला आन बाजूला थुंकला. हसला न्हाई कोणीच. मला वाटलं होतं हसतील.

तात्याबांनी हात उलटा-सुलटा करून बघितला. मग म्हणले, "माझा हात गेला, शेठ." एवढंच. वाद न्हाई, कारण न्हाई. मी तर तयारी करून बसलो होतो, वाद घालतील, दुसरं आधण लावा म्हणतील. काही न्हाई.

मी दयाळू माणूस हाय हे तुमाला तिथंच कळंल. दुसऱ्या गुऱ्हाळावर कोणी घेईना, बातमी सिरसाळ्यापर्यंत गेलती. मी त्यांना काढलं न्हाई. चुलाणात चिपाड टाकायला ठेवलं, आजून हायत, आत्ताबी तिकडं खाली बसलेत मागच्या बाजूला. चार वर्षं. कधीमधी गंमत करतो मी, समदे करतेत — तात्याबा, आज थंडी हाय का हो? तर म्हणतेत, काडीला विचारा. अंघोळीचं पाणीबी म्हणं तुमाला बघायला लावतेत? नातवाच्या कपाळाला हात लावत न्हाईत, ताप हाय का सांगता येत न्हाई म्हणून? हे मला लखननं सांगितलं, तुमच्या मालकानं. बरं झालं म्हणलं, माणसाला आपली जागा कळली की सुख हाय. म्हणून तर हे काम तुमाला द्यायचं मनात आलं. सून वर काडी धरून म्हणणार, जाळ कमी करा, आन सासरा खाली जाळ कमी करणार. आजवर तुमी त्यांच्यापुढं मान वर केली नसंल. इथं मोठ्यानं सांगावं लागंल, बरं का, चरकाच्या आवाजात हळू बोललेलं ऐकू जात न्हाई. गहिनीनाथला बोलावलंय बघायला.

हां, आता दोन्ही हात एकदम मधल्या टोपात. दोन्ही. काय वाटतंय? डाव्याला गार, उजव्याला गरम — बरोबर? पाणी एकच, टोप एकच, हात तुमचेच. आता कोणता हात खरा? दोन्ही खोटे! डावा गरमातून आला म्हणून त्याला हे पाणी गार. किती हाय बघा काडीनं — बत्तीस. हे पुस्तकात हाय, चित्रासकट. मी त्या चित्राकडं बघत बसलो होतो एका दुपारी आन मला एकदम सुचलं की जो हात तासभर काहिलीच्या वाफेवर असतो आन दर मिनिटाला एकशे पंधराच्या पाकात जातो, त्याला काहिलीशेजारचं पाणी कधीच गरम लागणार न्हाई. बेचाळीस असलं तरी गारच लागंल. आन बेचाळीसच्या पाण्यात पाक थिजत न्हाई नीट, गोळी मऊच राहती, पाक कितीबी पुढं गेला तरी. झालं की मग. चाळीस वर्षांचा हात, आन त्याला हरवायला एक घंगाळ —

न्हाई, हातात धरा ना काडी, आकडा वाचा. कावून काढले हात? पुसायला फडकं हाय तिथं.

घंगाळातलं पाणी चुलाणावरच्या हंड्यातलं होतं, हो. थोडं विहिरीचं मिसळलं, वाफ दिसू नये म्हणून. काडीनंच मोजलं. त्यात काय, मी काही पाकात हात घातला न्हाई त्यांचा. डोक्याचं काम हाय हे, शिकण्यासारखं हाय, म्हणून सांगितलं तुमाला, तुमी शिकलेल्या म्हणून. दुसऱ्या कोणाला आजवर सांगितलं न्हाई. सांगून काय उपयोग, कोणाला कळलं असतं? गहिनीनाथला? त्याला उष्णता आन तापमान एकच वाटतं.

बसा बाई. लखनला ट्रॅक्टरवर कोणी ठेवलंय, माझ्याच शब्दानं ठेवलंय ना. तुमाला हे सावलीतलं काम, वहीचं काम, सुनेला लाज वाटणार न्हाई असं. आन ते जुनं झालं आता. म्हाताऱ्याचं वय बघा. आज त्यांना सांगितलं तर काय करतील? परत काहिलीवर उभे राहतील? सत्तरीत? बोटं थरथरतेत त्यांची. उगाच जखम उकरायची. त्यांना वाटतंय हात म्हातारा झाला, ते वाटणं बरंय, म्हातारपण समद्यांनाच येतं, त्यात कोणाचा राग न्हाई. तुमी राग देणार त्यांना. ह्या वयात राग घेऊन काय करायचं माणसानं?

कुठं निघालात? तिकडं चुलाण हाय, तिकडं धूर हाय. पदर सावरा, ठिणगी पडंल — ठिणगीचं काही न्हाई म्हणा, आकडा हजाराचा असतो पण जीव केवढा तिचा, कातडीला लागायच्या आत विझती. थांबा की. मी काय म्हणतो ऐका.

बरं. जा. सांगा. मी अडवत न्हाई. पण सांगायचंच तर हिशेब प्रामाणिक ठेवा, बाई. पाणी गरम केलं ते माझ्या नावावर मांडा, मी नाकारत न्हाई. पण काहील उतरल्यावर ते घंगाळ तिथंच होतं, चांगलं तासभर. डावा हात त्यांचा मोकळा होता, कोरडा, पाकात न गेलेला. एकदा बुडवला असता तर कळलं असतं. कोणी धरला नव्हता. तेवढ्या लोकांत, चाळीस वर्षं काहिलीवर काढलेल्या माणसानं, पाण्यावर संशय घेतला न्हाई, माझ्यावर घेतला न्हाई, पहिला घेतला तो स्वतःवर. ते त्यांच्या नावावर मांडा. त्यांना वाईट वाटंल म्हणून तेवढं गाळू नका.