आतली फुली

हात नका लावू ताई, राहू दे तिथेच — आणि तो हातोडा तर मुळीच देऊ नका. लोखंडी असती तर एव्हाना दोन टोले घालून मोकळा झालो असतो, पण ही सायकलची फ्रेम कार्बनची, हिला मार बाहेरून दिसत नाही, आतल्या आत तडकते. हे बघा, हँडल ज्या नळीत फिरतं ना, तिच्या दोन्ही तोंडांना या अशा वाट्या दाबून बसवलेल्या असतात, आम्ही कप म्हणतो. वरचा आला निमूट. खालचा हट्टाला पेटलाय. घाम झिरपतो, धातूला पांढरी पूड धरते, मग बसतो चिकटून — होतं असं, घाई करायची नाही. बाहेरून हेअर ड्रायरने नळी कोमट करायची — कोमट हं, हाताला सोसेल इतपतच — आणि आतून कपाला बर्फ. तो आकसतो, पकड सुटते. मग हा लांब बोल्ट आरपार घालायचा आणि नट फिरवत फिरवत ओढायचं. ठोकाठोकी नाही.

कुठून घेतलीत म्हणालात? माझ्या भावाकडून? अहो, मग आधी सांगायचं नाही का! विकतो तो घरून जुन्या सायकली, ठाऊक आहे मला. वडील गेले तेव्हा एवढासा होता, मीच वाढवला, पाना धरायला मीच शिकवला. आत्ता सामान आणायला गेलाय, येईलच. काय म्हणाला तो — कुरकुरली तर तेल सोडा, पण कप काढू नका? आणि दादाला, म्हणजे मला, दाखवू नका? तेलाने भागलं नाही म्हणून आणलीत होय. हां, ते माझ्या डोक्याला ताप नको म्हणून. फार जपतो हो मला. माझी मुलगी पडली ना, उतारावर, सायकलसकट कठड्यावर — कोपर अजून सरळ होत नाही तिचं — तेव्हा सगळं त्यानेच निभावलं. तिची फ्रेम मी याच टेबलावर तपासली. नाण्याने वाजवत जायचं, चांगल्या जागी खणखणीत वाजतं, तडा असला की बद्द. हँडलच्या नळीत, खालच्या बाजूला, बद्द वाजलं. आमची रीत आहे, बाद फ्रेमच्या नळीत कप बसतो तिथे आतून पांढरी फुली मारायची — बाहेरून कोणीही रंग फासेल, आत कोण बघतंय? — आणि लगेच करवतीने दोन तुकडे. फुली मारली मी. करवत चालेना. पोरीची होती ना. भाऊ म्हणाला, दादा, तू घरी जा, मी कापतो. संध्याकाळी आला, म्हणाला, कापली, टाकून आलो. गळ्यात पडून रडलो मी त्याच्या.

थांबा. वास येतोय तुम्हाला? हा घामाचा चिकटा नाही हो, हा रेझिनचा, त्या पक्क्या गोंदाचा वास आहे. कपाला कोणी रेझिन लावतं का? पुन्हा कधी निघूच नये असं वाटत असेल तरच — नाही, नाही, काही नाही. लावलं असेल कोणा अडाण्याने. फिरवतो नट... हं, करकरला... आला. बॅटरी धरा जरा. अजून आत. अजून.

काळ्या रंगाखाली हिरवा आहे. दिसतोय ना, कडेला? हिरवीच होती तिची. आणि ही फुली — एक पाय लांब जातो बघा — अशी मीच मारतो. तडाही तसाच आहे, वरून लांबी भरून बुजवलाय नुसता. तुम्ही रविवारी डोंगर उतरणार होतात ना हिच्यावरून? त्याला सांगितलं होतंत? आणि काय म्हणाला? मजा करा? ... मजा करा म्हणाला. माझ्या पोरीचा हात मोडलेला बघून आलेला माणूस! दवाखान्यात तिच्या उशाशी बसला होता हो हा. मी कोणावर ठेवायचा विश्वास आता, सांगा ना तुम्ही?

नाही, तुम्ही काय सांगणार. चालत जा ताई घरी. सायकल इथेच राहील, तुमचं जे असेल ते मी बघतो, पण आत्ता जा — हा त्याच्याच गाडीचा आवाज. आलास? ये. पिशवी ठेव खाली. टेबलावर काय आहे ते बघितलंस ना? चहाबिहा नको मला. ती करवत काढ खिळ्यावरची — जा हो ताई, जा ना तुम्ही — काही बोलू नकोस. दादा म्हणू नकोस. काप. माझ्यासमोर काप.