चार बाळ येशू

मक्याच्या मळलेल्या पिठासाठी मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात गिरणीपुढे रांग लागली होती. दरवर्षीप्रमाणे ओफेलियाही उभी होती. तिच्या पुढच्या दोघींपैकी ठेंगणी भलतीच तापलेली होती.

"सलग नऊ वर्षं, एउलालिया! तीन राजांच्या सणाला गोड पाव कापला की प्लास्टिकचा बाळ येशू माझ्याच तुकड्यात. ज्याला बाळ, त्याच्यावर जेवण! म्हणजे उद्या कँडलेरियाच्या सणाला अख्ख्या खानदानाला मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाल मीच खाऊ घालायचे."

"नशीब गं तुझं, ओर्तेन्सिया."

"कसलं डोंबलाचं नशीब! यंदा बेकरीवाला म्हणाला, बाई, मोठ्या पावात आम्ही चार बाळं घालतो. मला मिळालं एक. बाकीची तीन कुठे गेली?"

"कुठे?"

"एक दिराच्या खुर्चीमागच्या कुंडीत पुरलेलं. एक कपडे धुताना नवऱ्याच्या खिशात."

"अगंबाई! आणि तिसरं?"

"सासूबाईंच्या कवळीच्या पेल्यात! देवाला गालात दाबून जेवणाची प्रार्थना म्हणत होत्या म्हातारबाई!"

"आणि तरी तू रांगेत?"

"अठरा माणसं जेवायला येणार ना उद्या."

"वेडी आहेस."

गिरणीवाल्याने विचारलं, "नेहमीचं सहा किलो, ताई?"

"सहाच. पण दोन-दोन किलोच्या तीन पिशव्या कर. एक दिराची, एक नवऱ्याची, एक सासूबाईंची. ही घे तिघांची बाळं, प्रत्येकीत वर दिसेल असं एकेक ठेव. उद्या मी नुसती ताटावर बसणार."

ओफेलियाचा नंबर आला.

"तुम्हाला, मावशी?"

"मलाही पिशव्याच कर बाबा. पाच. घरातल्या पाच जणांना एकेक."